उथळ पाण्याची होडी : जुन्या घडणींचा तुलनात्मक परिचय

महाराष्ट्रातील मासेमारीचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर प्रथम उभी राहतात ती ससून डॉक, हर्णै, मिरकरवाडा यांसारखी गजबजलेली बंदरे आणि त्या बंदरांत लागणाऱ्या यांत्रिक नौका. राज्याच्या मत्स्योत्पादनात या नौकांचा वाटा मोठा आहे, यात शंका नाही. परंतु या नौका जेथे जाऊ शकत नाहीत असेही पुष्कळ पाणी आपल्या किनाऱ्याला लाभले आहे. उत्तरेस वैतरणेपासून दक्षिणेस तेरेखोलपर्यंत सह्याद्रीवरून उतरणाऱ्या लहानमोठ्या नद्या समुद्राला मिळतात आणि त्यांच्या मुखाशी खाड्या तयार होतात. वसई, ठाणे, धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, भाट्ये, जैतापूर, विजयदुर्ग, कालावली, कर्ली ही त्यांतील काही परिचित नावे होत. या खाड्यांच्या कडेचे, कांदळवनांतील ओहोळांचे आणि किनाऱ्यालगतचे गुडघाभर ते कमरेएवढे पाणी हेच हजारो लहान मच्छीमार कुटुंबांचे शेत आहे.

हे शेत कसण्याचे अवजार म्हणजे लहान होडी. ती दिसावयास साधी, किमतीने माफक आणि कामाला चिवट असते. तिच्यावर कोणी फारसे लिहीत नाही, कारण ती सर्वांच्या परिचयाची आहे असे आपण गृहीत धरतो. आता मात्र तिच्याकडे थोडे बारकाईने पाहण्याची वेळ आली आहे. लाकडाची टंचाई, जुन्या कारागिरांची घटती संख्या आणि फायबरच्या तयार होड्यांची सोय या तीन कारणांमुळे किनाऱ्यावरील जुन्या होड्या झपाट्याने बदलत आहेत. हा बदल अपरिहार्य आहे आणि अनेक दृष्टींनी स्वागतार्हही आहे. तथापि, नवी होडी घेताना जुन्या होडीने शिकविलेले चार धडे विसरले गेले, तर त्याची किंमत मच्छीमारालाच मोजावी लागते, प्रसंगी प्राणांनीही. म्हणून कोकण किनाऱ्यावरील उथळ पाण्याच्या तीन जुन्या घडणींची, म्हणजे एका खोडाची डोण, उलांडीची होडी आणि फळ्यांची होडी यांची तुलना या लेखात करावयाचे योजिले आहे.

पाणी बदलले की होडी बदलते

कोकणचा किनारा नकाशावर एकसंध दिसत असला, तरी मच्छीमाराच्या दृष्टीने तो एकसारखा नाही. याचे मुख्य कारण भरती-ओहोटी. मुंबईच्या आसपास मोठ्या उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत सुमारे ५ मीटरपर्यंत अंतर पडू शकते. दक्षिणेकडे जावे तसे हे अंतर कमी होत जाते आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर ते साधारणपणे २ ते अडीच मीटरवर येते. भांगाच्या दिवसांत दोन्हीकडे हे अंतर आणखी घटते.

या फरकाचे परिणाम दूरगामी आहेत. उत्तर कोकणात ओहोटीला चिखलाची विस्तीर्ण मैदाने उघडी पडतात. सकाळी जेथे होडी तरंगत होती तेथे दुपारी ती चिखलात बसलेली असते. पाण्याचा ओढाही जोरदार असतो. या ओढ्याचाच उपयोग करून तेथील मच्छीमार डोल जाळी लावतात आणि खाडीत भोक्षीसारखी लहान पिशवीची जाळी रोवतात. दक्षिण कोकणात, विशेषतः मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूस, वाळूच्या लांबच लांब पुळणी आहेत. तेथे होडी लाटांतून थेट वाळूवर आणावी लागते आणि काम आटोपल्यावर माणसांच्या बळावर वर ओढून ठेवावी लागते. रापणीची मासेमारी याच पुळणींवर वाढली. रापण ओढावयास पन्नासापासून शंभरापर्यंत माणसे लागतात; परंतु ती पाण्यात अर्धवर्तुळाकार सोडून येण्याचे काम होडीचेच असते.

चिखलावर बसणारी होडी आणि वाळूवर ओढली जाणारी होडी यांची घडण एकच असू शकत नाही. म्हणूनच कोणती होडी चांगली, या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. कोणत्या पाण्यासाठी, कोणत्या जाळ्यासाठी आणि किती माणसांसाठी, हे आधी विचारावे लागते.

होडी किती पाण्यात चालते?

उथळ पाण्यातील होडीचा पहिला गुण म्हणजे तिचे बूड पाण्यात कमीत कमी जावे. यामागील तत्त्व शाळेत शिकविले जाणारे आर्किमिडीजचेच आहे. होडी आणि तिच्यातील माणसे, जाळी, मासळी यांचे एकूण वजन जितके, तितक्याच वजनाचे पाणी ती बाजूला सारते. हे पाणी सारण्यासाठी ती रुंद आणि सपाट असेल तर थोडीच खाली जाते. अरुंद व गोल बुडाची असेल तर अधिक खाली जाते.

हिशेबासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, दोन होड्या प्रत्येकी ६ मीटर लांबीच्या आहेत आणि प्रत्येकीचे माणसे व सामानासह एकूण वजन ५०० किलोग्रॅम आहे. पहिली ७० सेंटिमीटर रुंद आहे. तिची दोन्ही टोके निमुळती असल्यामुळे पाण्याच्या पातळीवर ती सुमारे ३ चौरस मीटर जागा व्यापते. दुसरी १ मीटर २० सेंटिमीटर रुंद असून ती सुमारे ५ चौरस मीटर जागा व्यापते. बूड सपाट धरले तर पहिली होडी सुमारे १७ सेंटिमीटर आणि दुसरी १० सेंटिमीटर पाण्यात बुडेल. पहिलीचे बूड गोल असल्यास हा आकडा २० सेंटिमीटरच्याही वर जाईल. आकडे किरकोळ वाटतील. पण ओहोटी लागल्यावर ओहोळातून बाहेर पडावयाचे असते तेव्हा या वितभर पाण्याला फार महत्त्व येते.

दुसरा गुण स्थिरतेचा. उभे राहून पाग फेकणारा किंवा काठावर वाकून जाळे ओढणारा मनुष्य होडीला सतत एका बाजूस कलवीत असतो. होडीची आडवी स्थिरता रुंदीबरोबर केवळ त्याच प्रमाणात न वाढता रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वरील उदाहरणातील दुसरी होडी पहिलीच्या पावणेदोन पटींहूनही कमी रुंद आहे. तथापि लांबी व आकार सारखे धरले तर कलण्याला होणारा तिचा प्रतिकार सुमारे पाच पट ठरतो. रुंदीत हाताची वीत वाढली की होडीचा स्वभावच बदलतो, हे अनुभवी कारागीर गणिताशिवायही जाणतात.

मग सर्वच होड्या रुंद आणि सपाट का करू नयेत? कारण रुंद होडी वल्हवावयास जड पडते, वाऱ्याने अधिक वाहवते आणि खाडीच्या तोंडाशी लाटा आडव्या आल्या की तिचे सपाट बूड आपटू लागते. घडणीत एक गुण वाढविला की दुसरा थोडा सोडावा लागतो. पुढील तीन प्रकार म्हणजे या तडजोडीची तीन निरनिराळी उत्तरे होत.

एका खोडाची डोण

तिन्हींत सर्वांत जुनी घडण डोणीची. आंब्यासारख्या झाडाचे सरळ व जाड खोड निवडून ते वाकसाने व पटाशीने आतून कोरावयाचे, बाहेरून दोन्ही टोकांना निमुळते करावयाचे, की डोण तयार झाली. तिला सांधा नाही, खिळा नाही आणि म्हणून सांध्यातून पाणी झिरपण्याची भीतीही नाही. साधारणतः ५ ते ८ मीटर लांबीच्या डोणी आढळतात. रुंदी मात्र झाडानेच ठरवून दिलेली असते. खोडाच्या जाडीपेक्षा रुंद डोण कोरता येत नाही, हीच तिची मोठी मर्यादा आहे. काठ उंच हवे असल्यास वर एकेक फळी काथ्याने शिवून किंवा खिळ्यांनी ठोकून वाढविण्याची पद्धत पश्चिम किनाऱ्यावर पूर्वीपासून आहे.

डोणीचे गुण कांदळवनातील अरुंद ओहोळांत दिसून येतात. ती अंग चोरून चालते. एक मनुष्य लांब बांबू चिखलात रोवून तिला आवाज न करता पुढे रेटू शकतो. तिचे जाड बूड खडकावर किंवा कालवांच्या धारदार कवचांवर घासले तरी लगेच फुटत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आंब्याचे लाकूड पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे डोण पाण्याने पूर्ण भरली तरी तळाशी जात नाही. उलटलेल्या डोणीला धरून मनुष्य तरंगत राहू शकतो.

दोष सांगावयाचे तर ती चंचल असते. नवख्या माणसाने तीत उभे राहणे धोक्याचे असते. जाड भिंतींमुळे ती आकाराच्या मानाने जड पडते. शिवाय आंब्याचे लाकूड टिकाऊ नाही. वेळोवेळी तेलपाणी न केल्यास ते कुजते आणि खाऱ्या पाण्यातील टेरेडो नावाचा लाकूड पोखरणारा प्राणी ते आतून पोकळ करतो. यावर उपाय म्हणून मच्छीमार मुशीच्या यकृताचे तेल किंवा दक्षिण कोकणात काजूच्या टरफलांपासून मिळणारे तेल, म्हणजेच डिंबेल, होडीला चोपडत आले आहेत. आज डोणीपुढील खरी अडचण वेगळीच आहे. एवढ्या घेराचे सरळ खोड मिळणे दुर्मीळ झाले आहे, आणि एका होडीसाठी एक मोठे झाड तोडणे आता परवडणारेही नाही.

उलांडीची होडी

डोणीची चंचलता घालविण्यासाठी तिची रुंदी वाढविता येत नाही. मग तिला एक आधार बाहेरून का देऊ नये? या विचारातून उलांडी जन्मास आली. होडीच्या एका बाजूस दोन आडव्या काठ्या बाहेर काढून त्यांच्या टोकांना हलक्या लाकडाचा एक लांब ओंडका होडीला समांतर असा बांधतात. हा तरंगता ओंडका म्हणजे उलांडी. रत्नागिरीपासून दक्षिणेकडे सिंधुदुर्ग, गोवा आणि कारवारपर्यंत ही घडण परिचित आहे. भारतीय होड्यांच्या घडणीवर १९२० साली प्रबंध लिहिणारे जेम्स हॉर्नेल यांनी उलांडीचे नाते आग्नेय आशिया आणि प्रशांत महासागरातील बेटांवरील नौकांशी जोडले होते. श्रीलंकेच्या किनाऱ्यावरही एका बाजूस ओंडका असलेल्या होड्या आहेत.

उलांडीचे कार्य तराजूच्या दांडीसारखे आहे. समजा, ६० किलो वजनाचा मनुष्य होडीच्या मध्यापासून ३० सेंटिमीटर बाजूस सरकला. त्याला तोलून धरण्यासाठी मध्यापासून २ मीटर अंतरावर असलेल्या उलांडीला केवळ ९ किलोंचे बळ द्यावे लागते. होडी उलांडीच्या बाजूस कलू लागली तर ओंडका पाण्यात दाबला जातो आणि पाणी त्याला वर ढकलते. ती विरुद्ध बाजूस कलू लागली तर ओंडका पाण्याबाहेर उचलला जातो आणि त्याचे वजन होडीला परत आणते. अरुंद होडीची चपळता कायम ठेवून रुंद होडीची स्थिरता मिळविण्याची ही युक्ती अत्यंत अल्पखर्ची आहे. लाटांतून पुळणीवर येताना तिचा विशेष उपयोग होतो. शिवाय काठ्या व ओंडका दोरीने बांधलेले असल्यामुळे लाटेचा धक्का बसला की सांधा थोडा लवतो, तुटत नाही; आणि तुटलाच तर मच्छीमार स्वतः तो पुन्हा बांधू शकतो.

मात्र या युक्तीलाही मर्यादा आहेत. जाळ्याचे काम उलांडीच्या विरुद्ध बाजूनेच करणे सोयीचे, कारण दुसऱ्या बाजूस जाळे काठ्यांत गुंतते. अरुंद ओहोळात, कांदळवनाच्या मुळांमध्ये किंवा दाटीने लागलेल्या होड्यांत बाहेर आलेली उलांडी अडचणीची ठरते. चिखलात ती रुतते. उत्तरेच्या चिखली खाड्यांपेक्षा दक्षिणेच्या वाळूच्या किनाऱ्यावर ती का रुळली, याचा उलगडा बराचसा येथेच होतो.

फळ्यांची होडी

तिसरी घडण फळ्या जोडून केलेल्या होडीची. येथे रुंदी झाडावर अवलंबून राहत नाही; कारागीर ती ठरवितो. खाली कणा, त्यावर आडव्या बरगड्या आणि बरगड्यांना ठोकलेल्या फळ्या अशी तिची रचना असते. फळ्यांसाठी सागासारखे टिकाऊ लाकूड आणि बाकदार भागांसाठी नैसर्गिक वळण असलेल्या फांद्या निवडण्याची कारागिरांची रीत आहे. फटींत कापूस किंवा काथ्या ठासून त्यावर तेल व राळ यांचे मिश्रण भरतात. मालवणच्या बाजूस लहान होडीला ‘पात’ म्हणून ओळखतात.

फळ्यांच्या होडीत खूप विविधता संभवते. समुद्रावर शिडाने जाणाऱ्या मचव्याला खोल कणा असतो, कारण शिडावरील वाऱ्याने तो आडवा सरकू नये. हाच मचवा ओहोटीच्या वेळी उथळ खाडीत सापडला तर तो एका कुशीवर कलंडतो. याउलट खाडीतील होडीचा कणा उथळ आणि बूड पसरट ठेवलेले असते. पाणी उतरल्यावर ती चिखलावर सरळ बसते आणि भरती येताच सरळ उठते. तिच्यात अधिक माणसे, अधिक जाळी आणि अधिक मासळी मावते. तिसऱ्या, मुळे, कालवे गोळा करण्यासाठी ओहोटीच्या वेळी खाडीतील वाळूच्या पट्ट्यांवर जाणाऱ्या स्त्रियांना आणि त्यांच्या ओझ्याला अशीच होडी सोयीची पडते.

तिचे दोषही तिच्या सांध्यांतच आहेत. सांधे जितके अधिक तितकी देखभाल अधिक. होडी फार दिवस कोरडी राहिली की फळ्या आक्रसतात आणि पाण्यात घातल्यावर गळू लागते. लोखंडी खिळे खाऱ्या पाण्याने गंजतात. म्हणून पावसाळ्यात होडी शाकारून ठेवणे, हंगामापूर्वी फटी पुन्हा भरणे आणि बुडाला लेप देणे ही कामे दरवर्षी करावी लागतात. याउलट एकच फळी बदलून संपूर्ण होडीचे आयुष्य वाढविता येते, हा तिचा फार मोठा गुण होय.

तुलनेचा निष्कर्ष

तिन्ही घडणी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तर असे म्हणता येईल की, अरुंद ओहोळ, एकटा मच्छीमार आणि पाग किंवा लहान जाळे असेल तेथे डोण सरस ठरते. वाळूची पुळण, फुटणाऱ्या लाटा आणि किनाऱ्यालगतची मासेमारी असेल तेथे उलांडीची होडी सरस ठरते. रुंद खाडी, दोन-तीन माणसे, भरपूर सामान आणि चिखलावर बसण्याची गरज असेल तेथे फळ्यांची पसरट होडी सरस ठरते. खर्चाच्या दृष्टीने लाकूड सहज उपलब्ध होते त्या काळी डोण स्वस्त होती. आज ती तशी राहिलेली नाही. दुरुस्तीच्या दृष्टीने फळ्यांची होडी आणि उलांडी सुलभ, तर डोणीला मोठी चीर पडल्यास ती सांधणे कठीण. सुरक्षिततेच्या दृष्टीने मात्र तिन्हींत एक समान सूत्र आहे. या सर्व होड्या हलक्या लाकडाच्या असल्याने पाणी भरल्यावरही सहसा तरंगत राहतात. हे सूत्र लक्षात ठेवूनच नव्या होडीकडे वळावयास हवे.

यंत्र आले, फायबर आले

स्वातंत्र्योत्तर काळात पन्नाशीच्या दशकापासून मासेमारी नौकांच्या यांत्रिकीकरणाला चालना मिळाली. १९५७ मध्ये कोची येथे केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेची स्थापना झाली आणि नौकांची घडण, लाकडाचे रक्षण, जाळ्यांची रचना या विषयांवर पद्धतशीर संशोधन सुरू झाले. रबराच्या झाडाचे एरवी कमी टिकणारे लाकूड रासायनिक संस्कार करून लहान होड्यांसाठी वापरण्याचे प्रयोगही या संस्थेने केले. पुढील दशकांत लहान होड्यांना आऊटबोर्ड इंजिने लागली आणि फायबरच्या होड्या किनाऱ्यावर आल्या.

इंजिनामुळे श्रम वाचले आणि वारा-ओढ्याविरुद्ध परत येणे सुकर झाले. परंतु उथळ पाण्यात इंजिन एक नवा प्रश्न उभा करते. होडीचे बूड १० सेंटिमीटर पाण्यात असले तरी इंजिनाचा पंखा पाण्याखाली अर्ध्या मीटरच्या आसपास जातो. म्हणजे होडी वितभर पाण्यात तरंगत असली तरी इंजिनावर ती चालविण्यास त्याहून कितीतरी अधिक पाणी लागते. शिवाय जुन्या होड्यांची पिछाडी निमुळती असते. तेथे इंजिनाचे वजन आले की मागचा भाग खाली बसतो आणि नाळ वर उचलली जाते. म्हणून खाडीच्या वरच्या भागात इंजिन वर उचलून बांबू किंवा वल्हे हाती घेण्याची सोय होडीत असलीच पाहिजे. होडी एवढी जड असू नये की इंजिन बंद पडताच ती माणसाच्या ताकदीबाहेर जावी.

फायबरची होडी कुजत नाही, तिला टेरेडो लागत नाही आणि देखभाल कमी लागते. हे लाभ उघड आहेत. परंतु काचेच्या तंतूंचे आणि राळेचे हे द्रव्य पाण्यापेक्षा जड आहे. त्यामुळे होडीत हवाबंद कप्पे किंवा फोम भरलेले कप्पे नसतील, तर पाणी भरताच अशी होडी बुडते. ज्या मच्छीमाराने आयुष्यभर लाकडी होडी वापरली आहे, त्याच्या मनात होडी उलटली तरी ती हाताशी राहील हा विश्वास रुजलेला असतो. फायबरच्या होडीत हा विश्वास कप्प्यांमुळेच खरा ठरतो. कालवांच्या कवचांवर वारंवार घासल्याने वरचा थर झिजून आतील तंतू उघडे पडतात, याकडेही लक्ष पुरवावे लागते.

होडी निवडताना

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना जुन्या होडीऐवजी नवी होडी व जाळी घेण्यासाठी साहाय्याची तरतूद करण्यात आली. लाभार्थीकेंद्री बाबींमध्ये सर्वसाधारण प्रवर्गास ४० टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती व महिला यांना ६० टक्के असे साहाय्याचे प्रमाण ठेवण्यात आले. साहाय्य मिळाले तरी होडी निवडण्याची जबाबदारी मच्छीमाराची व त्याच्या सहकारी संस्थेचीच राहते. निवड करताना काही प्रश्न स्वतःस विचारणे इष्ट होय.

आपल्या बंदरावर किंवा धक्क्यावर भांगाच्या व उधाणाच्या ओहोटीला कमीत कमी किती पाणी उरते? होडी चिखलावर बसणार आहे की वाळूवर ओढावयाची आहे? जाळे कोणत्या बाजूने आणि किती माणसे ओढणार आहेत? खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असून तेथे लाटा फुटतात काय, आणि तो ओलांडून बाहेर जावे लागते काय? इंजिन बंद पडल्यास होडी हाताने परत आणता येईल काय? दुरुस्तीचे साहित्य व कारागीर गावात आहेत काय? आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : पाण्याने काठोकाठ भरली तरी ही होडी तरंगते काय? या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्याच्या शब्दावर सोडू नये. किनाऱ्याजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, सामान व इंजिन नसताना होडी भरून पाहावी आणि इंजिनाच्या वजनाइतका भार ठेवून पुन्हा पाहावी. अर्ध्या तासाचे हे काम पुढे एखाद्या कुटुंबाचा आधार वाचवू शकेल.

लहान होडीचे महत्त्व आणखी एका कारणाने टिकून आहे. मासळीच्या प्रजननाच्या काळात १ जून ते ३१ जुलै या मुदतीत राज्याच्या सागरी क्षेत्रात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते; बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना ही बंदी लागू नाही. पावसाळ्याच्या या दोन महिन्यांत वल्ह्यावर आणि बांबूवर चालणारी होडीच अनेक घरांची चूल पेटती ठेवते. म्हणजे हाताने चालविता येणारी होडी ही मागासलेपणाची खूण समजण्याचे कारण नाही. वर्षाच्या एका कठीण ऋतूसाठी ती उपजीविकेचे साधन आहे.

मोजमाप जपून ठेवावे

खाड्याही बदलत आहेत. राजापूरपर्यंत एके काळी गलबते येत असत. गाळ साचत गेला आणि ते बंदर इतिहासजमा झाले. इतर अनेक खाड्यांचे तळही गाळाने वर येत आहेत. म्हणजे उथळ पाण्यात चालणाऱ्या होडीची गरज येत्या काळात कमी होण्याऐवजी वाढण्याचाच संभव अधिक. अशा वेळी जुन्या होड्यांच्या घडणीचे ज्ञान हाताशी असणे उपयुक्त ठरेल. अडचण अशी की, हे ज्ञान कागदावर फारसे नाही. कारागीर हाताच्या मापाने आणि डोळ्याच्या अंदाजाने होडी बांधतो. त्याचा नकाशा त्याच्या स्मरणात असतो, आणि तो गेला की नकाशाही जातो.

असे ज्ञान एकदा हरपले की परत मिळविणे किती कष्टाचे असते, याचे एक उदाहरण अलीकडचेच आहे. अजिंठ्याच्या लेण्यातील पाचव्या शतकातील चित्रावरून प्रेरणा घेऊन फळ्या शिवून बांधलेले ‘कौंडिण्य’ हे शिडाचे जहाज भारतीय नौदलात २०२५ मध्ये कारवार येथे दाखल झाले. त्या काळच्या जहाजाचे मोजमाप कोठेही लिहून ठेवलेले नव्हते. त्यामुळे एका भित्तिचित्रावरून आकार ठरवावा लागला आणि शिवणकाम जाणणाऱ्या केरळातील कारागिरांचा शोध घ्यावा लागला. सुदैवाने ती कला अद्याप जिवंत होती.

आपल्या डोणी, उलांड्या आणि पाती अजून भित्तिचित्रांत गेलेल्या नाहीत. त्या आजही माडाच्या सावलीत पालथ्या घातलेल्या दिसतात. एक फूटपट्टी, एक दोरी, वही-पेन्सिल आणि एक दुपार एवढ्या भांडवलावर त्यांची लांबी, रुंदी, खोली, बुडाचा बाक, नाळेचा कल आणि वापरलेले लाकूड यांची नोंद करता येते. किनाऱ्यावरील शाळा, महाविद्यालये आणि मच्छीमार सहकारी संस्था यांनी आपापल्या गावातील जुन्या होड्यांची अशी मापे घेऊन ठेवली, तर फायबरची होडी बांधणाऱ्यालाही आपल्या साच्यासाठी गावच्या पाण्याने पारखलेला आकार मिळेल. द्रव्य नवे आणि घडण अनुभवाची, असा मेळ त्यातून साधता येईल.

खाडीचे पाणी रोज दोनदा चढते आणि दोनदा उतरते. त्या पाण्याशी जुळवून घेत पिढ्यान्‌पिढ्यांनी होडीला आकार दिला. तो आकार जपणे म्हणजे जुन्याचा हट्ट धरणे नव्हे. उद्या त्याच पाण्यात उतरणाऱ्या मच्छीमाराला सुखरूप घरी परतता यावे, यासाठी केलेली ती तजवीज होय.